भाकरी आहे, कोरड्यास नाही: सहा गुंठ्यांच्या वस्तीशेताचं प्रकरण

मराठवाड्यातल्या एका जिल्ह्याच्या शहरात, नाल्याला लागून असलेली साधारण 110 घरांची ही वस्ती. काही घरं 1972 च्या दुष्काळात गाव सोडून आली, काही 2012-13 आणि 2015-16 च्या कोरड्या वर्षांत. बहुतेकांची मुळं शेतमजुरीत, नाहीतर बटईच्या (वाट्याने कसलेल्या) शेतात. आता पुरुष बांधकामावर आणि हमालीला जातात, बाया धुणीभांडी करतात किंवा सकाळी आठला मजूर अड्ड्यावर उभ्या राहतात. दसरा-दिवाळीनंतर काही कोयते (नवरा-बायकोच्या जोड्या) ऊसतोडीला निघतात ते थेट उन्हाळ्यात परततात.

धान्याची ओरड इथे फारशी नाही. अन्न सुरक्षा कायद्याखाली प्राधान्य कुटुंबाला माणशी महिना 5 किलो आणि अंत्योदय कुटुंबाला 35 किलो धान्य मिळतं, जानेवारी 2023 पासून तेही फुकट. पण रेशनच्या पोत्यात भाजी नसते. भाजीमंडई चार किलोमीटरवर, रिक्षाला जाऊन-येऊन लागतात तेवढ्या पैशात दोन वेळची भाजी येते. हातगाडीवाले वस्तीत शिरत नाहीत, कारण इथे उधारी मागतात. मग बाया रात्री बाजार उठताना उरलेला पाला घेऊन येतात, नाहीतर चटणी-भाकरीवर भागवतात. "भाकरी हाय, कोरड्यास न्हाई," हे वाक्य इथल्या प्रत्येक बैठकीत कुणीतरी म्हणतंच. कोरड्यास म्हणजे भाकरीबरोबर खायची भाजी, कालवण. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या 54 टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. तो आकडा या वाक्याच्या शेजारी ठेवून वाचावा.

वस्तीच्या पूर्वेला लेआउटमधली खुली जागा होती, सहा गुंठे म्हणजे साडेसहा हजार चौरस फूट. राडारोडा, प्लास्टिक आणि गाजरगवत. तिथे बचत गटातल्या चाळीस घरांनी मिळून भाजीशेत उभं केलं. त्याचे तीन हंगाम आणि दोन उन्हाळे इथे मांडले आहेत. एक गोष्ट आधीच सांगून टाकावी: हे शेत दोनदा मोडायला आलं, आणि दोन्ही वेळा कारण रोग किंवा किडी हे नव्हतं. एकदा वाटणीवरून, एकदा जागेवरून. उगवणं हा यातला सोपा भाग आहे. तरीही सुरुवात मातीपासूनच करावी लागते, कारण तिथली चूक नंतर दुरुस्त होत नाही.

माती: आधी खाली काय आहे ते बघा

रिकाम्या जागेचा इतिहास म्हाताऱ्या माणसांना विचारावा. इथे एका आजोबांनी सांगितलं की कोपऱ्यात पूर्वी जुन्या बॅटऱ्या फोडायचे. तेवढ्या एका माहितीने पुढचा सगळा आराखडा बदलला. नेहमीच्या माती परीक्षणात सामू (पीएच), क्षारता, सेंद्रिय कर्ब, स्फुरद, पालाश एवढंच कळतं. शिसं त्यात दिसत नाही, ते वेगळं तपासून घ्यावं लागतं आणि त्याला जास्त पैसे लागतात. म्हणून नमुने दोन काढले. एक सगळ्या जागेचा: दहा ठिकाणी इंग्रजी व्ही आकाराचा वीतभर खड्डा, त्याच्या बाजूची माती खरवडून घमेल्यात, सगळी मिसळून चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन ठेवायचे, असं करत अर्धा किलो उरेपर्यंत. दुसरा नमुना फक्त त्या कोपऱ्याचा.

कोपऱ्यात शिसं जास्त निघालं. मराठवाड्याच्या काळ्या, चुनखडीयुक्त जमिनीचा सामू बहुधा 8 च्या आसपास असतो आणि अशा जमिनीतून मुळं शिसं फारसं उचलत नाहीत. खरा धोका वेगळा आहे. धूळ पालेभाजीवर बसते, आणि लहान मुलं मातीचे हात तोंडात घालतात. तो कोपरा शेतातून काढला, वर अर्धा फूट मुरूम दाबला, जुन्या शहाबादी फरश्या टाकल्या आणि तिथे अवजारांची खोली व बसायची जागा केली. खाण्याचं काहीही तिथे लावलं नाही. काहींना वाटलं एवढी जागा वाया गेली. ती वाया गेलेली नाही.

बाकी जागेत जमिनीत न पेरता वर उचललेले वाफे केले. 1 मीटर रुंद, 6 मीटर लांब, 30 सेंटिमीटर उंच, मध्ये दीड फुटाची वाट. रुंदी मीटरभरच का, तर दोन्ही बाजूंनी हात मध्यापर्यंत पोचतो आणि वाफ्यात पाय पडत नाही. असे 24 वाफे, म्हणजे 144 चौरस मीटर. एका वाफ्याला 1.8 घनमीटर भरण लागतं, 24 वाफ्यांना साधारण 15 ब्रास (एक ब्रास म्हणजे 100 घनफूट). एवढी माती एकदम आणायची नसते. पहिल्या हंगामात आठ वाफे भरले, पाच ब्रासमध्ये.

त्या पाच ब्रासमध्येच पहिली मोठी चूक झाली. जवळच्या तलावातला गाळ फुकट मिळत होता, म्हणून तीन भाग गाळ आणि एक भाग शेणखत असं भरलं. गाळ सुपीक असतो, पण त्यात चिकणमाती एवढी की दोन पाण्यांत तो थापलेल्या विटेसारखा बसला आणि सुकल्यावर बोट जाईल एवढ्या भेगा पडल्या. मेथी वर आली आणि पिवळी पडून उभी राहिली. शेणखतही अर्धं कच्चं होतं. त्यातून हुमणी (मुळं खाणारी अळी) आली, आणि हरळी तर आजतागायत निघते आहे. शेणखत मुठीत घेऊन वास घ्यावा: शेणाचा आला तर दोन महिने थांबायचं, पावसाच्या पहिल्या सरीनंतरच्या मातीसारखा आला तरच वापरायचं.

पुढच्या भरणीत प्रमाण बदललं: दहा घमेल्यांत चार गाळ किंवा काळी माती, तीन चांगलं कुजलेलं शेणखत किंवा साखर कारखान्याची कुजवलेली मळी (प्रेसमड), दोन जाड वाळू किंवा चाळलेला मुरूम, एक कंपोस्ट. तळाला चार बोटं उसाचं पाचट. वर आच्छादनाला सोयाबीनचं भुसकट. कडबा आच्छादनाला वापरू नये, तो जनावरांचा घास आहे आणि दुष्काळी भागात त्यावरून वाद होतात.

नवी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या दिसल्या तर ती लोहाची उणीव. चुनखडीच्या मातीत लोह असूनही झाडाला मिळत नाही. 10 लिटर पाण्यात 50 ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट) आणि अर्ध्या लिंबाचा रस, संध्याकाळी फवारणी, आठवड्याने पुन्हा एकदा. नुसता मातीत टाकलेला हिराकस इथे वाया जातो. टाकायचाच तर शेणखतात मिसळून.

पाणी: बेरीज करून मगच बी टाका

ज्या भागाने 2016 मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणताना पाहिलं, तिथे भाजीला पाणी घालायचं म्हटलं की बैठकीत शांतता पसरते. ती शांतता योग्य आहे. वस्तीत नळाला पाणी आठ-दहा दिवसांआड येतं. त्यातलं एक हंडाभरही शेतात जाणार नाही, हा पहिला नियम ठरला.

आच्छादन आणि ठिबक असेल तर हिवाळ्यात चौरस मीटरला रोज 4 लिटर पुरतात. 144 चौरस मीटरला 576 लिटर. एप्रिल-मे मध्ये तेच 7 लिटरवर जातं, म्हणजे हजार लिटरच्या वर. हे पाणी कुठून?

समाजमंदिराच्या पत्र्याचं क्षेत्र 90 चौरस मीटर. पावसाळ्यात 700 मिलिमीटर पडला आणि पाचवा हिस्सा वाया गेला असं धरलं, तरी 50 हजार लिटर पाणी पत्र्यावरून वाहतं. ऐकायला भरपूर वाटतं. पण टाकी 5,000 लिटरची, आणि ऑक्टोबरात ती भरून ठेवली तर नऊ दिवसांत संपते. पत्र्याचं पाणी उन्हाळ्याचं नाही. ते ऑगस्टमधल्या खंडाचं पाणी आहे, पंधरा-वीस दिवस पाऊस ओढ देतो तेव्हाचं, आणि त्यासाठी ते सोन्यासारखं आहे. पहिल्या पावसाचं पाणी बाहेर सोडायला पाइपाला टोपण हवं, नाहीतर वर्षभराची धूळ टाकीत येते.

बोअरचं पाणी होतं पण मचूळ. तपासणीत क्षारता 2.4 (डेसिसायमन प्रति मीटर) आली. 2.25 च्या वर पालेभाजी कुढते, धणे तर नीट उगवत नाहीत. म्हणून बोअर आणि पावसाचं पाणी निम्मंनिम्म मिसळून वापरायचं ठरलं, आणि पावसाळ्यात वाफे एकदा-दोनदा भरपूर भिजवून क्षार खाली धुऊन काढायचे.

नाल्याचा मोह सगळ्यांना होता. बारमाही वाहतो, पंप टाकला की झालं. पालेभाजीला मैलापाणी म्हणजे जंतांची अंडी थेट ताटात, आणि ती नुसत्या धुण्याने पूर्ण जात नाहीत. शिवाय शेजारच्या कॉलनीत "नाल्यावरची भाजी" हा शिक्का एकदा बसला की निघत नाही. या वस्तीतल्या लोकांच्या हातचं घ्यायला आधीच नाक मुरडणारे आहेत, त्यांना निमित्त मिळू द्यायचं नव्हतं. म्हणून फाटकावर फळा लावला: आज कोणतं पाणी, किती लिटर, कुणी सोडलं. तो रोज भरला जातो.

उताराच्या वरच्या बाजूची नऊ घरं मात्र आंघोळीचं आणि कपड्यांचं पाणी द्यायला तयार झाली. घरटी 40 लिटर धरले तरी रोज 360 लिटर. भांड्यांचं पाणी घ्यायचं नाही, त्यातल्या तेलाने गाळणी महिनाभरात बंद पडते. हे पाणी आधी 200 लिटरच्या पिंपात थांबतं, साबणाची साय वर येते, ती काढता येते. मग 3 मीटर लांब, 60 सेंटिमीटर रुंद आणि तेवढाच खोल चर, आत जाड प्लास्टिक कागद, त्यात 20 ते 40 मिलिमीटरची खडी आणि वर कर्दळ. खडीच्या पोकळीत साधारण 400 लिटर मावतात, म्हणजे पाणी जेमतेम एक दिवस थांबतं. पलीकडे निघालेलं पाणी त्याच दिवशी वापरायचं. साठवलं की दुसऱ्या दिवशी वास आणि चौथ्या दिवशी डास.

हे पाणी वाफ्यांना जात नाही. शेवगा, पपई आणि केळीच्या आळ्याला जातं, ठिबकने किंवा आच्छादनाखालून. पहिल्या वर्षी दोन वाफ्यांना ते सोडून पाहिलं होतं. धुण्याच्या पावडरीतला सोडियम काळ्या मातीत बसला, चार महिन्यांत वर पांढरी खपली आली आणि पाणी मुरेनासं झालं. शेतकरी ज्याला चोपण म्हणतात ते वाफ्यात तयार झालं होतं. जिप्सम टाकून, गोडं पाणी भरून ते दोन वाफे परत आणायला पूर्ण पावसाळा गेला.

ठिबकबद्दल एकच सांगायचं. दुकानातली नेहमीची इनलाइन नळी पंपाच्या दाबासाठी असते. सहा फुटांवर ठेवलेल्या टाकीला तेवढा दाब नसतो, त्यामुळे अलीकडची झाडं बुडतात आणि पलीकडची वाळतात. कमी दाबावर चालणारा संच मागावा, नळी दहा मीटरच्या पुढे नेऊ नये, आणि जाळीची गाळणी दर रविवारी धुवावी.

दोडका, कारलं, दुधी यांना ठिबकही नको, मडकं पुरतं. मडकं घेताना कुंभाराला सांगायचं: रंग नको, तुकतुकी नको, फार भाजलेलं नको. 6 लिटरचं मडकं गळ्यापर्यंत पुरायचं, वर झाकण, भोवती वीतभर अंतरावर चार वेल. पुरण्याआधी मडकं भरून सावलीत ठेवा. तासाभरात बाहेरून घाम फुटला नाही तर ते परत करा. पुरल्यावर आत कोळशाने खूण करून पातळी बघायची, उन्हाळ्यात तीन-चार दिवसांत रिकामं झालं पाहिजे. पाण्याची पातळी हलत नसेल तर मचूळ पाण्याच्या क्षारांनी त्याची छिद्रं बुजली आहेत. इथल्या पाण्यात एक मडकं दोन वर्षं पुरतं.

उन्हाळ्यात 24 वाफे जगवायचे नाहीत, हे ठरवणं सगळ्यांत अवघड गेलं. हिरवा वाफा पाचटाखाली झाकून निजवायचा म्हणजे बायांना पोटचं टाकून दिल्यासारखं वाटतं. पण हिशोब सरळ आहे. आठ वाफे, 50 टक्के सावलीची जाळी, रोज 240 लिटर, म्हणजे 5,000 लिटरचा एक टँकर वीस दिवस पुरतो. जाळी नसेल तर पंधराच दिवस. उरलेले सोळा वाफे मार्चअखेर जाड पाचटाखाली झाकले जातात. कोणते आठ चालू ठेवायचे ते मार्चच्या पहिल्या रविवारी ठरतं, मे मध्ये नाही.

लागवड

पहिल्या वर्षी दसऱ्याला आठही वाफ्यांत एकदम मेथी-पालक टाकला. महिन्याने एका आठवड्यात 40 किलो भाजी निघाली, लोकांनी वाटली, थोडी सुकली, थोडी शेळ्यांना गेली, आणि पुढचे तीन आठवडे शेतात फक्त माती. आता दर रविवारी दोनच वाफे पेरले जातात. सहा चौरस मीटरच्या वाफ्याला मेथी 35 ग्रॅम, पालक 12 ग्रॅम, धणे 20 ग्रॅम (रगडून दोन फाडी केलेले, रात्रभर भिजवलेले). मेथी 25 ते 30 दिवसांत उपटायची. पालक 35 दिवसांनी पहिल्यांदा कापायचा, मग दर पंधरवड्याला, बुडापासून दोन बोटं वर. अंबाडी, चुका, शेपू हे इथल्या जिभेचे पाले आहेत आणि त्यांना मेथीएवढे लाड लागत नाहीत. उन्हाळ्यात जाळीखाली तांदुळजा, माठ आणि घोळ. मे महिन्यात मेथीचा हट्ट धरू नये, ती उगवते आणि जळते.

पावसाळ्यात गवार, चवळी, भेंडी. भेंडीवर केवडा (पानं पिवळी पाडणारा विषाणूरोग) येतो, पांढरी माशी तो पसरवते. परभणीच्या कृषी विद्यापीठाची परभणी क्रांती ही जात या रोगाला दाद न देणारी म्हणून गाजली, आता तिच्यावरही तो दिसतो. रोगट झाड दिसताक्षणी उपटणं हाच इलाज. मावा-तुडतुड्यांना 5 टक्के निंबोळी अर्क: अर्धा किलो निंबोळीची भरड एक लिटर पाण्यात रात्रभर, सकाळी गाळून दहा लिटर करायचा, चमचाभर साबणचुरा, आणि त्याच संध्याकाळी फवारून संपवायचा. वेलांवरच्या फळमाशीला कामगंध सापळे.

दुसऱ्या हंगामात एकाने गावाकडच्या कापसाची उरलेली औषधाची बाटली आणून वांग्यावर मारली. भल्याच्या हेतूने. ती मोनोक्रोटोफॉसची होती, भाजीपाल्यावर ते वापरायला 2005 पासूनच बंदी आहे. तो वांग्याचा वाफा पूर्ण उपटून पुरला, त्या आठवड्यात कुणालाही भाजी वाटली नाही. तेव्हापासून फाटकाच्या आत कसलीही बाटली येत नाही.

कुंपणाचं थोडक्यात: पऱ्हाट्यांचं (कापसाच्या वाळलेल्या झाडांचं) कुंपण महिनाभर टिकलं, मग चुलीत गेलं. त्यात कुणाचा दोष काढू नये, जिथे सरपण विकत घ्यावं लागतं तिथे वाळलेली पऱ्हाटी कुंपण म्हणून उभी राहत नाही. चार फूट तारेची जाळी, त्यातली फूटभर जमिनीत गाडलेली, तरच डुकरं थांबतात. तुराट्या मात्र वेलांच्या मांडवाला चालतात, हंगाम संपला की ज्यांना हव्यात त्यांनी न्यायच्या असं आधीच सांगून ठेवलेलं असतं.

वाटणी

चोवीस वाफे पूर्ण चालले की हिवाळ्यात विक्रीचा भाग सोडून महिन्याला 110 ते 120 किलो भाजी निघते. चाळीस घरांत वाटली तर घराला 3 किलो. जागतिक आरोग्य संघटना माणशी रोज 400 ग्रॅम फळं-भाज्या सुचवते. इथे पाच माणसांच्या घराला रोज 100 ग्रॅम पडतात. म्हणून हे शेत वस्तीचं पोट भरेल असं कुणी सांगत असेल तर त्याने हा भागाकार केलेला नाही. पण तेच 3 किलो जुड्यांत मोजा: पाव किलोच्या बारा जुड्या, आठवड्याला जवळपास तीन. ज्या घरात पालेभाजी आठवड्यातून एकदा शिजत नव्हती, तिथे ती दिवसाआड शिजते. हा फरक खरा आहे. आणि तो चाळीसही घरांत पोचला तरच खरा.

पहिल्या हंगामात नियम होता, "जो राबेल तो नेईल." ऐकायला न्यायाचा. काढणी सकाळी सात वाजता व्हायची, कारण तेव्हा पाला टवटवीत असतो. त्या वेळी अड्ड्यावर जाणाऱ्या बाया डबा भरून निघालेल्या असतात. शेतात उरायच्या त्या ज्यांच्या घरात दुसरा कमावता आहे. पालकाच्या दुसऱ्या कापणीपर्यंत बहुतेक भाजी सहा-सात घरांतच जाऊ लागली होती. एका रविवारी ते फुटलं. "अक्का, रविवारी खांदायचं आमी, अन् भाजी मंगळवारी घरी बसणारीनं न्यायची व्हय? मग बटई काय वाईट होती?" या प्रश्नाला कुणाकडे उत्तर नव्हतं. त्या आठवड्यात अकरा घरं बाहेर पडली.

बटई हा शब्द इथे सहज आलेला नाही. दुसऱ्याच्या जमिनीत राबून मालकाच्या हातून वाटा घेणं या लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या केलं आहे. समितीच्या पाच बाया नकळत मालकाच्या जागी बसल्या होत्या. अन्नाचा न्याय म्हणतात तो अशा ठिकाणी अडतो: काढणीची वेळ कुणाच्या सोयीची, मोजमाप कुणाच्या हातात, आणि कोणतं काम काम म्हणून धरायचं.

तीन बैठका झाल्या आणि नियम नव्याने लिहिले. काढणी आता मंगळवारी आणि शुक्रवारी, संध्याकाळी सहानंतर. पाला थोडा मलूल होतो, ओल्या गोणपाटाखाली तासभर ठेवला की सावरतो. निघालेल्या मालाचे शंभर भाग धरायचे. साठ भाग आठवड्याला तीन तास देणाऱ्या सगळ्या घरांना सारखे. पंधरा भाग जी घरं काम देऊ शकत नाहीत त्यांना: एकटी म्हातारी माणसं, गरोदर आणि बाळंतीण बाया, आजारी. त्यांच्याकडून तास मागायचे नाहीत आणि त्यांची नावं फळ्यावर लिहायची नाहीत, शेजारची बाई जुडी घरी नेऊन देते. उरलेले पंचवीस भाग विकायचे, त्यातून टँकर, बी आणि जाळी. तीन तासांत फक्त खुरपं येत नाही. रात्री घरी बसून बी निवडणं, गाळणी धुणं, हिशोब लिहिणं, ओला कचरा गोळा करणं हेही तासांत धरलं जातं. ऊसतोडीला गेलेल्यांचे तास थांबतात आणि त्यांचा वाटाही, परत आल्यावर दोन्ही सुरू. जागा जात नाही.

मोजण्याचं भांडण एका साध्या वस्तूने मिटलं. 63 मिलिमीटरच्या पीव्हीसी पाइपाचं चार बोटं रुंदीचं कडं कापून घेतलं. जुडीचे देठ त्यातून घट्ट बसतील एवढा पाला, मग सुतळी. पानं ओली असली की काटा फसवतो, कडं फसवत नाही. आणि शेवटच्या जुड्या नेहमी बारक्या निघतात, म्हणून रांगेचा पहिला नंबर प्रत्येक काढणीला पाच घरांनी पुढे सरकतो. बाहेर पडलेल्या अकरांपैकी नऊ घरं पुढच्या हंगामात परत आली.

दुसऱ्या कुठल्या वस्तीत असं शेत सुरू करायचं असेल तर हे नियम पेरणीआधी लिहावेत. पहिली जुडी निघाल्यावर प्रत्येकाला आपलं घर दिसतं. त्याआधी सगळ्यांची सगळी घरं दिसतात.

जागा

शेत सुरू झालं ते प्रभाग कार्यालयाच्या एका पानाच्या ना हरकत पत्रावर. दुसऱ्या वर्षी फेब्रुवारीत त्याच जागेवर पेव्हर ब्लॉक आणि बाकडी बसवायचं काम मंजूर झालं, आणि एका सकाळी जेसीबी फाटकाशी आला. पत्रात मुदत नव्हती, नकाशा नव्हता, नोटिशीची अट नव्हती. बाया वाफ्यांत बसून राहिल्या म्हणून त्या दिवशी काम थांबलं, पण तो काही कायमचा मार्ग नाही.

बैठकीत काहींनी गायरानाचा (गावच्या चराऊ सरकारी जमिनीचा) दाखला दिला. 14 एप्रिल 1990 पर्यंतची शेतीसाठीची गायरान अतिक्रमणं नियमित करण्याचा शासन निर्णय 1991 मध्ये निघाला, त्यामागे मराठवाड्यातल्या भूमिहीनांचा मोठा लढा होता, आणि वस्तीतल्या दोन-तीन कुटुंबांना त्याची जवळून आठवण आहे. तो अभिमान रास्त आहे. पण लेआउटची खुली जागा म्हणजे गायरान नव्हे. ती सगळ्या रहिवाशांसाठी मोकळी ठेवायची असते, तिच्यावर कसण्याचा हक्क सांगता येत नाही, आणि तशी भाषा केली की कार्यालयाला अतिक्रमणाचा संशय येतो. इथे मागायचा तो वापराचा लेखी परवाना, तोही सर्वसाधारण सभेच्या ठरावाने.

करारात पाच गोष्टी लिहून घेतल्या: मोजणीच्या नकाशासह क्षेत्र, तीन वर्षांची मुदत, 60 दिवसांची नोटीस आणि उभं पीक असेल तर काढणीपर्यंत थांबणं, पक्कं बांधकाम न करणं, आणि वाफ्यांतली माती, टाकी, जाळी ही गटाची मालमत्ता. पाचव्या अटीला कार्यालयात लोक हसले. मातीची मालकी कोण लिहितं? पण पंधरा ब्रास माती घमेल्याने वाहिलेली होती.

करार झाला तरी पाण्याच्या टाकीच्या कामासाठी दोन गुंठे जागा गेलीच. नऊ वाफे त्यात होते. नोटीस मिळाली, 60 दिवस मिळाले, पालक कापून झाला, आणि मग चार रविवार माणसांची साखळी लावून ती माती हलवली. उरलेल्या पंधरा वाफ्यांची उंची त्यातून वाढली. तरीही माती उरली, ती गोण्यांत भरून अंगणवाडीच्या कुंपणालगत आणि नऊ घरांच्या ओट्यांवर गेली. त्या गोण्यांत आता कढीपत्ता, तांदुळजा आणि मिरची आहे, आणि तिथली भाजी कड्यातून जात नाही, ज्याच्या ओट्यावर त्याची. पंधरा वाफ्यांचं पीक चाळीस घरांना कमी पडतं. जुड्या आठवड्याला तिनावरून दोनावर आल्या आहेत. पलीकडच्या गल्लीतल्या दुसऱ्या खुल्या जागेसाठी अर्ज गेला आहे, त्यासोबत माती परीक्षणाचे दोन्ही अहवाल, शिशाचा धरून, आधीच जोडले आहेत.